न मिळालेल्या सवलतीचे जाहीर आभार

"सारसोळ्यापासून सानपाड्यापर्यंत माज्या परवानगीशिवाय कोनाचा वाढदिवस येत नाय!"

कुंदन हे छाती ठोकून सांगायचा, आणि ते फारसं खोटंही नव्हतं. नेरूळच्या सारसोळे गावठाणात त्याचं फ्लेक्स छापायचं दुकान. बारशाच्या शुभेच्छांपासून भावपूर्ण श्रद्धांजलीपर्यंत माणसाचा सगळा प्रवास त्याच्या मशीनमधूनच व्हायचा!

पण या गृहस्थाच्या दोन खोडी होत्या. एक म्हणजे, छापलेलं तो कधी वाचत नसे. फोटो मात्र डोळ्यांत तेल घालून बघायचा. कोणाचा मोठा, कोणाचा छोटा, कोणाचा गॉगल नीट दिसतोय. मजकूर हा फोटोंच्या मधली जागा भरायला असतो, असं त्याचं ठाम मत. आणि दुसरी खोड अशी, की कोणी भाव विचारला की तो गोड हसायचा. "आदी काम तर बघा शेठ, रेटचं नंतर बघू!" मग गिऱ्हाइकाच्या गळ्यातली चेन बघून रेट ठरायचा.

तर अशा या कुंदनची मुलगी सुचिता. पोरगी हुशार! तिच्या आजोबांचं आयुष्य मिठागरात गेलं, आणि घरात औषधाचा संबंध आला तो बाम चोळण्यापुरता. त्या घरातल्या पोरीला फार्मसीला सीट मिळाली! कॉलेजही घराजवळच, खाडीच्या बाजूला, सगळं निळ्या काचांचं. सीट पक्की ठेवायला सुचिताने तिचे मूळ दाखले तिथे जमा केले. आता राहिली फी. ती शनिवारपर्यंत भरायची, नाहीतर सीट गेली!

बापलेक खिडकीवर गेले. आत वैजयंती मॅडम बसल्या होत्या.

"मॅडम, मुलींच्या फीमाफीची सरकारी योजना आहे ना?" सुचिताने विचारलं. "मी बसते त्यात."

"आधी पूर्ण फी भरा. सवलतीचं नंतर बघू."

पूर्ण फी! दुकानातलं मशीनच उचलून आणून द्यायला लागलं असतं. कुंदनचं डोकं सटकलं.

"नंतर बघू? ही काय बोलायची पद्धत झाली? सवलत कोनाला, किती, ते लिवलंय कुठं?"

"बोर्डावर."

"बोर्ड कुठाय?"

"डायरेक्टर सरांच्या केबिनमध्ये. सरांच्या खुर्चीच्या मागे."

"मग जाऊन वाचतो."

"केबिनमध्ये फक्त पालकांना सोडतात."

"अवो, मग मी कोन हाय?"

"फी भरली की तुम्ही पालक."

"आनि भरायच्या आदी?"

"गर्दी."

आता बोला! कुंदनने खिडकीच्या गजांना हात घातला. सुचिताने त्याला मागे ओढलं आणि स्वतः पुढे झाली.

"मॅडम, ही माहिती सगळ्यांना दिसेल अशी लावायला लागते. फी किती, सवलत काय, प्रवेश सोडला तर काय परत मिळतं, शिक्षक किती, निकाल किती. आम्ही शिकायला येतोय, आम्हाला आधी कळायला नको?"

वैजयंती मॅडमनी इकडेतिकडे बघितलं आणि आवाज खाली आणला. "मला पण तसंच वाटतं गं. पण माझ्याकडे फक्त खिडकी आहे."

घरी आल्यावर कुंदन चपला न काढताच येरझारा घालायला लागला. सरस्वती, म्हणजे त्याची बायको, बोंबील तळत होती. "तिथं जाऊन राडा करू नका हां!" ती आतूनच ओरडली. "पोरीचे दाखले त्यांच्याकडं हायत. अडकवून ठेवतील, मग बसा बोंबलत!"

"राडा कोन करतोय? मी आभार माननार हाय!"

सरस्वतीच्या हातातला झारा तसाच राहिला. "कसले आभार? काय दिलाय त्यांनी?"

"दिला नाय म्हनूनच! आपल्या गल्लीत पानी येत नव्हतं तवा काय केलं मी? आदी 'पाणी आल्याबद्दल जाहीर आभार' लावला, मग मुकाट पानी आलं! मानसाला शिवी दिली तर तो उलटी देतो. आभार मानले की अडकतो!"

"पप्पा, प्लीज," सुचिता काकुळतीला आली. "माझं नाव नका टाकू."

"तुजं नाव नाय, फोटो नाय. त्यांचा बोर्ड आत ना? आपला भाईर लावतो!"

आणि कुंदन बसला कॉम्प्युटरवर. वर मोठ्या अक्षरात 'जाहीर आभार!' खाली, 'मुलींना फीमाफीची सवलत पहिल्याच दिवशी, एक रुपयाही आगाऊ न मागता देणारे शिक्षणमहर्षी डॉ. रावसाहेब सर!' कॉलेजच्या वेबसाइटवरून डायरेक्टरसाहेबांचा इवलासा फोटो उचलला आणि ताणला. सरांचे गाल रुंद झाले, पण तेज वाढलं.

सगळं झालं, पण खालची पट्टी रिकामी दिसत होती. 'शुभेच्छुक' नाहीत असा बॅनर म्हणजे वऱ्हाडाशिवाय नवरदेव! कुंदनचा हात सवयीने मागच्या फाइलवर गेला. तिथली डोक्यांची रांग उचलली, इथे चिकटवली. मधोमध काळा गॉगल घातलेले गावचे पुढारी प्रसाददादा, दोन्हीकडे त्यांची पोरं. फोटो सरळ आहेत ना, बघितलं. त्यांच्याखाली काय लिहिलंय ते कशाला बघायचं?

सकाळी बॅनर कॉलेजच्या गेटसमोर झळकला. आणि चहाही झाला नव्हता तोवर प्रसाददादांचा फोन!

"काय रे कुंदन, 'प्रसाददादांच्या अथक प्रयत्नांना यश' लिवलंयस? मी कधी केले प्रयत्न?"

कुंदन चाचरला. "दादा, ते जरा..."

"अरे, केलेच असतील! मानसाला सगळं कुठं आठवतं? थांब, पोरांना घेऊन येतो. सरांचा सत्कार करू!"

फोन ठेवतोय तोच विरोधी गटाच्या प्रीतमभाऊंचा माणूस दारात हजर. "प्रीतमभाऊंच्या पाठपुराव्यामुळेच फीमाफी! अर्जंट छाप. दाद्याच्या बॅनरपेक्षा मोठा पायजे!"

कुंदनने तोही छापला. धंदा तो धंदा!

दुपारपर्यंत ही बातमी व्हॉट्सॲपवरून कुठच्या कुठे गेली. सानपाड्याच्या आया आल्या, जुईनगरच्या मावश्या आल्या, उरणजवळच्या मोरा बंदराहून दोन कोळणी लेकींना घेऊन आल्या. दादांनी हळदीला वाजवतात तो बेंजो आणला. मग भाऊ मागे राहतात काय? त्यांनी ताशा आणला! दोन्ही एकदम वाजायला लागले आणि निळ्या काचा थरथरायला लागल्या.

"पप्पा!" सुचिताने कुंदनचा दंड धरला. ती पार रडवेली झाली होती. "सर चिडले आणि माझी सीट घालवली तर? माझं वर्ष जाईल!"

आता मात्र कुंदन बॅनरची दोरी सोडायला निघाला. आपली अक्कल पोरीच्या मुळावर येणार की काय? पण मागे फिरायची सोय राहिली नव्हती, कारण डायरेक्टरसाहेबांची गाडी गेटमध्ये शिरत होती.

रावसाहेब सर उतरले. समोर स्वतःचाच घराएवढा चेहरा! त्यांनी मजकूर वाचला आणि ते लालबुंद झाले.

"हे कोणी लावलं? मी असं काहीही..."

"सर, आ करा!" सरस्वतीने त्यांच्या तोंडात पेढा कोंबला. नवऱ्याला राडा करू नका म्हणणारी हीच बाई आरतीचं ताट घेऊन सगळ्यांत पुढे उभी होती!

सरांनी पेढा कसाबसा गिळला. "बाई, ऐका, ही सवलत आम्ही..."

मोऱ्याच्या कोळणीने दुसरा पेढा भरवला. "देव तुमचं भलं करो सायेब!"

"पण मी म्हणतोय..."

तिसरा! नाही म्हणायला तोंड उघडावं लागतं, आणि उघडलं की पेढा. बिचाऱ्यांची पार कोंडी झाली. औक्षण झालं, शाल आली, श्रीफळ आलं. एका बाजूने दादा आणि दुसऱ्या बाजूने भाऊ, दोघांची पोरं मोबाइल धरून हे सगळं लाइव्ह दाखवत होती. कोणीतरी सरांच्या हातात माइक दिला.

सरांनी गर्दीकडे बघितलं. मग बॅनरकडे बघितलं. शिक्षणमहर्षी! आजवर त्यांना कोणी नुसतं महर्षीसुद्धा म्हटलं नव्हतं. त्यांच्या चेहऱ्यावरचा राग विरघळला आणि छाती फुगली.

"बंधू-भगिनींनो! सवलत तर आम्ही आजपासून देतोच आहोत. एकाही मुलीकडून आगाऊ फी घेणार नाही!"

बेंजो दणाणला. सुचिताने डोळे पुसले. कुंदनला वाटलं, आपणच आता खांद्यावर बसावं, पण बसायचं कोणाच्या?

सरांना टाळ्या चढल्या. "एवढंच नाही! पारदर्शकता हे आमचं ब्रीद आहे! माझ्या खुर्चीमागे जो माहितीचा बोर्ड आहे, तो उद्या या गेटवर लागेल! वैजयंती मॅडम, त्याच्यावरचं सगळं या बॅनरवाल्याला छापायला द्या. जसंच्या तसं!"

मॅडमनी एकदा घसा साफ केला. "सगळं, सर?"

"सगळं!"

"नक्की ना, सर?"

"मॅडम, मी दोनदा सांगत नसतो!"

सरांचं तरी काय चुकलं? तपासणीला येणाऱ्यांसाठी लावलेला तो बोर्ड इतकी वर्षं त्यांच्या पाठीमागे होता. पाठीला कुठे डोळे असतात! वैजयंती मॅडम गेल्या, बोर्डाचा फोटो काढून आणला आणि कुंदनच्या मोबाइलवर पाठवला. त्यांच्या चेहऱ्यावर हळदीकुंकवाला निघाल्यासारखं समाधान होतं.

कुंदनने रात्रीचं जेवण उरकून बोर्ड छापला. फुकट! आणि त्याच तारेत स्वतःच्या गल्लीत आणखी एक बॅनर लावला. 'निळ्या काचांच्या कॉलेजात प्रवेश मिळाल्याबद्दल भावी फार्मासिस्ट कु. सुचिता हिचे हार्दिक अभिनंदन!' शुभेच्छुकांत तो स्वतः, काळ्या गॉगलमध्ये.

दुसऱ्या दिवशी शनिवार. गेटवर बोर्ड चढला, टाळ्या झाल्या. मग लोक पुढे सरकून वाचायला लागले. टाळ्या थांबल्या. मोऱ्याची कोळीण लेकीला म्हणाली, "मोठ्यानं वाच गो!"

सुचिता पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचत होती. वाचून झाल्यावर वळली.

"पप्पा, हे वाचलंत तुम्ही?"

"अगं, मीच छापलाय!"

"छापलंत. वाचलंत का?"

कुंदन बोर्डाजवळ सरकला. मग आयुष्यात पहिल्यांदा त्याने स्वतः छापलेला मजकूर वाचला. शिक्षक, मंजूर बारा, हजर तीन. प्रयोगशाळा, प्रस्तावित. मागच्या वर्षीचा निकाल वाचला आणि त्याला वाटलं, आपल्याच मशीनने एक आकडा खाल्ला! परत बघितलं. मशीन निर्दोष होतं.

"मी इथे नाही शिकणार," सुचिता म्हणाली.

"अगं, येडी झाली काय? किती लढलो मी! सवलत मिळाली, सीट मिळाली..."

"तुम्ही लढलात म्हणून तर हे वाचायला मिळालं ना! फुकट मिळालं तरी ज्या औषधाने गुण येत नाही, ते कशाला घ्यायचं?"

पोरगी अजून कॉलेजात गेली नव्हती आणि फार्मासिस्टसारखी बोलायला लागली होती. प्रवेशाची पुढची फेरी बाकी होती, आणि पनवेलच्या कॉलेजचं नाव तिच्या यादीत होतं. पण दाखले?

सुचिता ताठ मानेने खिडकीवर गेली. "मॅडम, बोर्डावरची खालून दुसरी ओळ. प्रवेश सोडल्यास मूळ दाखले त्वरित परत."

वैजयंती मॅडमनी खणातून पाकीट काढून पुढे सरकवलं. कालच काढून ठेवलं होतं! सुचिताच्या मागे रांग लागली, आणि रांगेच्या तोंडाशी मोऱ्याची कोळीण होती. "माज्या पोरीचे पन द्या बाय. आनि त्या सायबाला सांगा, माजा पेढा परत करायला!"

महिन्याभराने सुचिता पनवेलला शिकायला लागली. सवलतीसकट! तिथला बोर्ड गेटवरच होता, तो तिने आधी वाचला, मग बापाला वाचायला लावला. गल्लीतला अभिनंदनाचा बॅनर सरस्वतीने गच्चीवर उलटा अंथरला आणि त्याच्यावर सुकट वाळत घातली. प्रसाददादा आणि प्रीतमभाऊ, दोघेही आपण या प्रकरणात कधी प्रयत्न केलेच नव्हते, असं शपथेवर सांगत होते.

कुंदन मात्र भलताच फॉर्मात! दुकानात येईल त्याला तो गोष्ट ऐकवायचा. "हक्क हाय आपला! पैसे देनाऱ्याला आदी माहिती कळायलाच पायजे. लपवाछपवी मी खपवून घेत नाय!"

असाच एकदा रंगात आला असताना वैजयंती मॅडम दुकानात आल्या. आईच्या पंचाहत्तरीचा बॅनर करायचा होता. सुट्टी होती म्हणून सुचिताच कॉम्प्युटरवर बसली होती. मॅडमनी फोटो दिला, मजकूर दिला आणि विचारलं, "कुंदनशेठ, रेट काय?"

"आदी काम तर बघा मॅडम," कुंदन गोड हसला, "रेटचं नंतर बघू!"

सुचिताने माउस सोडला.

"रेटचा बोर्ड असेल ना?" मॅडमनी विचारलं.

"हाय ना! म्हंजे काय!"

"कुठाय?"

कुंदनने एकदा मॅडमकडे बघितलं, एकदा पोरीकडे. मग बसल्या जागी जरा सरकला आणि तोंडातल्या तोंडात म्हणाला, "माज्या खुर्चीच्या मागं."

"उठा पप्पा," सुचिता म्हणाली.