प्रितेशच्या हळदीत दिसलेल्या नसा

विज्ञान सोपं करून सांगावं तर आम्हीच! उंदराच्या मेंदूचे फोटो काढणारा अख्ख्या कोनगावात मी एकटा. म्हणून २००७ साली चुलतभाऊ प्रितेशच्या हळदीला येताना मी प्रयोगशाळेतल्या मॅडमकडून चमकणाऱ्या कणांची सीलबंद कुपी आणि जांभळ्या उजेडाची बॅटरी मुद्दाम मागून आणली.

"हे कण उंदराच्या रक्तात सोडले ना, की मेंदूतल्या केसाहून बारीक रक्तवाहिन्यासुद्धा उजळून दिसतात!" मी ऐटीत म्हणालो.

"उंदराच्या मेंदूत बगायचं काय रं?" राहीकाकीनं विचारलं.

"अगं, माणसाला लकवा का मारतो, ते त्यातून कळेल!"

हळदीनं माखलेल्या हातांतून कुपी फिरू लागली आणि नेमके लाइट गेले. म्हटलं, हीच संधी! मी बॅटरी लावली.

बाप रे! प्रितेशचे गाल चमकत होते! काकीचे हात, गुणामावशीचं नाक, तुळशीरामभाऊंची मिशी... मांडवात काजव्यांची जत्राच!

"कुपी फुटली!" मी किंचाळलो. "विषारी हाय ते! हात धुवा! तोंडात बोट घालू नका!"

भरली पंगत उठली. बायका मोरीकडे पळाल्या. नवरदेवाला दोघांनी उचलून पाण्याच्या पिंपात बसवलं. साबण झाला, राख झाली, काथ्यानं घासून झालं. बॅटरी मारली, तर चमक आहेच!

"उद्या लगीन हाय माजं!" प्रितेश रडकुंडीला आला. "दिपिका काय म्हनंल?"

"शेवटी कुपी होती कोणाकडं?" मी ओरडलो.

"ही काय!" काकीनं कमरेला खोचलेली कुपी काढली. "पोरं फोडतील म्हनून ठेवली."

सील जसंच्या तसं! मग चमकतंय काय? मी भीतभीत हळदीच्या ताटावर बॅटरी धरली. ताट भगभगलं! जांभळ्या उजेडात हळद आपली आपणच चमकत होती, आणि हे मला, संशोधकाला, ठाऊकच नव्हतं!

काकीनं ओला तळवा पुढं केला. वरची हळद निघून गेली होती, रेषांत आणि भेगांत तेवढी उरली होती. अंधारात फांदीला फांदी फुटावी तशा बारीक पिवळ्या रेघा.

"ह्याच काय रं तुज्या नसा?"

"अगदी अश्शाच दिसतात, काकी!"

मग काय, तळव्यांची रांग लागली! नवरदेवही पिंपातून निथळत आला. सगळ्यांचं बघून झाल्यावर काकीनं बॅटरी माझ्याकडून घेतली, माझ्याच टाळक्यावर धरली आणि बराच वेळ निरखून पाहिलं.

"हितं मातर काय चमकत न्हाय!"