सुभेदारांची पहिली खोटी तार

सुभेदारकाका टीव्हीकडे पाठ करून टीव्ही बघायचे. दर गुरुवारी संध्याकाळी साडेसातला त्यांच्या घरी विनोदी मालिका लागायची. आम्ही शेजारी सतरंजीवर मांडी ठोकून पडद्याकडे तोंड करून बसायचो, आणि हा गृहस्थ आपली लोखंडी खुर्ची टीव्हीपाशी ओढून, उलटा आमच्याकडे तोंड करून ताठ बसायचा. मी एकदा कारण विचारलं.

"मास्तर, ह्या डब्यातनं किरणं येत्यात. डोळं जात्यात."

"मग आमच्या डोळ्यांचं काय?"

"तुमी सिव्हिल माणसं. तुमचं चालतंय."

मी कराडच्या तार ऑफिसात होतो, म्हणून कॉलनीत मला सगळे मास्तर म्हणत. काका मूळचे कोरेगावकडचे. अठ्ठावीस वर्षं फौजेत काढून पेन्शनीत आले आणि आमच्या शेजारी दोन खोल्या बांधून राहिले. घरात ते आणि हौसाकाकू, दोघंच. मूलबाळ नव्हतं. अंगावरचा गणवेश उतरला तरी तोंडातला उतरला नव्हता. भाजीवालीनं भाव सांगितला की काका म्हणत, "नामंजूर." आंबे संपले की, "आंब्याची सुट्टी संपली." डोक्यावरचे केस विरळ झाले तेव्हा आरशापुढे उभे राहून म्हणाले, "गेले सुट्टीवर. आता कुठलं हजर हुत्यात?"

त्यांची एक फुशारकी मात्र आम्ही शंभरदा ऐकली होती. "अठ्ठावीस वर्षांत एक खोटी तार न्हाई केली, गड्या. सुट्टी संपली म्हंजे संपली. ट्रंक उचलायची, स्टेशन गाठायचं."

ही फुशारकी केवढी मोठी, हे कळायला तार ऑफिसातच बसायला हवं. आमच्याकडे घरटी एक जवान. सुट्टीवर आलेल्या जवानाचा पाय घरातून निघत नाही. मग तो पलटणीला तार ठोकतो, 'मदर सिरीयस, दहा दिवस वाढवा.' सुगी, लग्नसराई, गावची जत्रा, असे दिवस आले की आमच्या भागातल्या आया घाऊक आजारी पडत. कित्येकदा तर ती सिरीयस आईच लेकासोबत खिडकीशी उभी असे आणि मला बजावत असे, "नीट लिव रं बाबा, धा दिस म्हून लिव."

मालिकेची सवय लागली त्या वर्षी उन्हाळ्यात काकूंना अर्धांगवायूचा झटका आला. महिनाभर मिरजेला ठेवलं. जीव वाचला, पण उजवा हात गेला, बोलणं अडखळू लागलं आणि हसणं थांबलं ते थांबलंच. पूर्वी काकू हसल्या की चार घरं पलीकडे ऐकू जायचं. डॉक्टर म्हणाले, यांना हसतं ठेवा. एवढ्या मोठ्या सुभेदाराची त्या हुकमानं गाळण उडाली. हयात गेली ती परेडवर पोरांना रडवण्यात. माणूस हसवायचा कसा, हे त्यांना कुणी शिकवलंच नव्हतं. शेवटी त्यांनी टीव्ही आणला आणि काकूंच्या पलंगासमोर मांडला.

मालिका साधीच होती. एक घरमालक, एक भाडेकरू आणि दोघांत एक नळ. घरमालक तणतणत भांडायला यायचा आणि उंबऱ्यात आल्यावर कशासाठी आलो तेच विसरायचा. तिसऱ्या भागात तो असाच विसरला, डोकं खाजवत उभा राहिला, आणि पलंगावरून कसला तरी आवाज आला. काकू हसल्या होत्या. तोंडाची एकच बाजू हलली, पण हसल्या.

पुढच्या गुरुवारपासून खुर्ची उलटी झाली. काकांना किरणांचं काही नव्हतं. घरमालक आला की आम्ही पडद्याकडे बघायचो आणि काका पलंगाकडे. हे ध्यानात यायला मला पाच आठवडे लागले. तोवर मी ऑफिसात त्या उलट्या खुर्चीची नक्कल करून हशा आणि चहा दोन्ही मिळवले होते. मला माझीच लाज वाटली.

पण मालिका होती तेरा भागांची. आधीच्या मालिका वर्ष वर्ष चालत. त्यातली पोरं आमच्यादेखत मोठी व्हायची. आता टीव्हीवाले तेरा आठवड्यांची मंजुरी देत, आणि तेरावा आठवडा झाला की मंडळी हात जोडून मोकळी होत. काकांना आधी हे फार पटलं होतं.

"सुट्टी ल्हान असली की माणूस वायफळ बोलत न्हाई, मास्तर. आल्या आल्या भांडण, मधी समजूत, जाताना डोळ्यात पाणी. सगळं टायमात. न्हाईतर ती केबलवरची बगा. पेन्शनीत आल्यागत बसल्यात. उठायचं नावच न्हाई."

अकराव्या भागानंतर मात्र त्यांचा सूर बदलला. मला फाटकापाशी गाठून म्हणाले, "किती राह्यलं?"

"दोनच."

"वाढवून मिळत न्हाई व्हय?"

"मिळतात कधी कधी. वरून मंजुरी आली तर," मी आपलं सहज बोलून गेलो.

तेराव्या भागात घरमालकाच्या मुलीचं भाडेकरूच्या मुलाशी लग्न ठरलं. नळ एकच राहिला, पण आता तो दोघांचा झाला. शेवटी सगळ्यांनी ओळीत उभं राहून प्रेक्षकांना हात जोडले. काकूंनी पलंगावरून आपला एक हात उचलून त्यांना नमस्कार केला आणि म्हणाल्या, "सुट्टी... संपली."

काकांच्या तोंडचं वाक्य काकूंच्या तोंडून आलं आणि काका एकदम उठून पाणी प्यायला आत गेले.

दुसऱ्या दिवशी मी खिडकी उघडतोय तोच काका हजर. इस्त्रीचे कपडे, छातीवर बिल्ले. तारेचा फॉर्म त्यांनी दोन्ही हातांनी पुढे सरकवला. वर पत्ता, 'मॅनेजर, टीव्ही केंद्र, मुंबई.' खाली मोठ्या अक्षरांत मजकूर, 'मदर सिरीयस. एक्स्टेंड टेन वीक्स.' त्याखाली सही आणि हुद्दा.

मी फॉर्म दोनदा वाचला. "काका, ही आई कुणाची?"

"माजी."

"अहो, त्यांना जाऊन पंधरा वर्षं झाली!"

"म्हून तर. तिला आता काय व्हायचं न्हाई." मग इकडंतिकडं बघून हळूच म्हणाले, "मला दुसरं लिवाय येत न्हाई, मास्तर. सुट्टी वाढवायची तार अशीच असती न्हवं?"

त्यांना समजावणं माझं कामच होतं. पण तो चेहरा कानापर्यंत लाल झाला होता. मी शब्द मोजले, शिक्का मारला आणि तार पाठवून दिली.

पुढच्या गुरुवारी सवयीनं आम्ही जमलो. साडेसात झाले. पडद्यावर दोन गृहस्थ उसावरच्या किडीबद्दल बोलू लागले. काकूंनी मान भिंतीकडे वळवली. काका उलट्या खुर्चीत तसेच बसून राहिले. मंडळी एकेक करून उठून गेली, मी एकटाच राहिलो. मला राहवेना, आणि मी बोलून गेलो, "काकू, काकांनी मुंबईला तार केलीय. भाग वाढवा म्हणून."

काकांनी माझ्याकडे असं बघितलं की मी फौजेत असतो तर माझी धडगत नव्हती.

काकूंनी मान फिरवली. "काय... लिवलं?"

काका उभे राहिले. सावधान. "मदर सिरीयस."

"तुमी?"

"व्हय."

"खोटी?"

"व्हय."

काकू बघतच राहिल्या. मग तोंडाची एक बाजू हलली, खांदा हलला, पलंग करकरायला लागला, आणि काकू हसल्या. चार घरं पलीकडे ऐकू जावं असं हसल्या. डोळ्यांतून पाणी आलं तरी थांबेनात. अडखळत मलाच सांगायला लागल्या.

लग्नानंतरचं दुसरं वर्ष. जतकडे त्यांचं माहेर. माहेरची जत्रा काकांची सुट्टी संपल्यावर दहा दिवसांनी. नवऱ्यासोबत एकदा जत्रेला जायचं, एवढीच नव्या नवरीची हौस. "म्या म्हनलं... आवं, समदी करत्यात... एक तार करा. तर... ट्रंक उचलली. गेलं." भावाबरोबर त्या एकट्याच गेल्या होत्या. नंतर त्यांनी कधी काही मागितलं नाही.

"तवा... धा दिस दिलं न्हाईत," काकू म्हणाल्या, "आन आता... धा हप्तं मागताय व्हय?" आणि परत हसू फुटलं.

काका मान खाली घालून उभे होते. "लय उशीर झाला, हौसा," ते म्हणाले. इतक्या वर्षांत मी त्यांना काकूंचं नाव घेताना कधी ऐकलं नव्हतं. "तरीबी... मंजूर हाय का?"

काकूंनी चालत्या हातानं पदर डोळ्यांना लावला. मग तोच हात शेजारी पलंगावर थोपटला. "मंजूर. बसा."

काका खुर्ची सोडून काकूंच्या शेजारी जाऊन बसले. पडद्यावर उसावरची कीड चालूच होती. मी दार ओढून घेतलं तेव्हा दोघं ती बघत होती, मन लावून.