मानेअण्णांच्या खेळातला नवा माणूस

मानेअण्णा नव्या माणसाला पाणी विचारायच्या आधी "कुठं उतरणार?" असं विचारतात. एसटीत कंडक्टर म्हणून उभा जन्म गेला, त्यामुळे घरी आलेला माणूसही त्यांना गाडीत चढल्यासारखाच वाटतो. हा किती दिवस टिकणार, एवढंच त्यांना जाणून घ्यायचं असतं. उत्तर काहीही द्या, ते मान हलवतात आणि विश्वास मात्र ठेवत नाहीत.

मीही काही कमी नाही. औषधाच्या दुकानात बसून बसून माझी नजर बिघडली आहे. कोणी खोकल्याची दुसरी बाटली मागितली की मी आधी त्याचे डोळे बघतो. त्यामुळे दर रविवारी दुपारी मानेअण्णांचं पुढचं दार बंद होऊ लागलं आणि आतून फासे पडल्याचा आवाज येऊ लागला, तेव्हा मी सरळ जुगारच गृहीत धरला. त्यात अण्णांनी माझ्याच दुकानाच्या काचेवर कागद चिकटवला, "खेळायला माणसं पाहिजेत. नवशिके चालतील." नवशिकेच लागणार की, मी मनात म्हटलं.

रक्तदाबाच्या गोळ्या पोचवायचं निमित्त काढून एका रविवारी मी आत घुसलो. जुगार नव्हता. वरच्या खोलीत भाड्यानं राहणाऱ्या संकेतनं अण्णांना शिकवलेला खेळ होता तो. टेबलाभोवती बसायचं आणि प्रत्येकानं एकेक पात्र व्हायचं, कोणी वैद्य, कोणी चोर, कोणी तलवारबहाद्दर. गोष्ट अण्णा सांगणार. पुढचं दार उघडायचं की पळून जायचं हे आपण ठरवायचं, आणि जमलं की फसलं ते वीस बाजूंचा फासा सांगणार. संकेत नोकरीला पुण्याला गेला आणि खेळ अण्णांकडे राहिला.

खेळ गमतीचा होता, पण अण्णांचे नियम भयंकर होते. फासा स्टीलच्या ताटातच टाकायचा, तोही बाही कोपरापर्यंत सारून. दार उघडायचं तर कोणत्या हातानं ते आधी सांगायचं, आणि त्या हातात कंदील असेल तर तो कुठं ठेवला तेही. ओझ्याचा नियम सगळ्यांत कडक. तलवार घेतली की तेवढ्या वजनाच्या कडक भाकरी कमी, आणि लगेज अण्णा स्वतः तपासणार. त्या दिवशी बँकेतले एक साहेब नव्यानं आले होते. पाणी पिण्याचे नियम ऐकता ऐकताच त्यांच्या तलवारबहाद्दराला साप चावला, कारण पाण्याकाठी खाली बघून बसतो असं ते म्हणाले नव्हते. साहेब फोन आल्याचं सांगून उठले, आणि थोड्या वेळानं बाहेर त्यांची गाडी चालू झाल्याचं ऐकू आलं. अण्णांच्या तोंडावर मला चक्क समाधान दिसलं. हा राहणारा न्हाय हे मी बघताक्षणीच वळखलं होतं, असं ते वर म्हणाले.

माझा संशय दुणावला. माणसं पाहिजेत म्हणून कागद लावायचा आणि आलेल्याला हाकलायचं, ही कसली तऱ्हा? खेळायला उरले होते दोघंच, अण्णांच्या पत्नी सुमनवहिनी आणि शिलाईकाम करणारे इब्राहिमभाई. दोघांत मजा येत नाही, पुढच्या रविवारी कोणी टिकलं नाही तर आपणही येणं बंद करणार, असं इब्राहिमभाईंनी सांगून टाकलं होतं. म्हणजे खेळच बंद. तरी अण्णांचं नियम वाढवणं चालूच. शेवटी मी वहिनींना खोदून विचारलं. त्या शेंगा फोडत बसल्या होत्या.

"माणूस गेलं की ह्यांचा एक नियम वाढतो," त्या म्हणाल्या. "संकेत गेला तवा ओझ्याचा आला. त्याच्या मागनं आणखी पोरं गेली, तवा कंदिलाचा अन् पाण्याचा. ज्याला जायचंय त्यानं पहिल्याच दिवशी जावं म्हणत्यात. जीव लागल्यावर न्हाय."

मला त्या माणसाचं फार वाईट वाटलं. पण स्वभावाला औषध माझ्या दुकानातही मिळत नाही. पुढच्या रविवारी माझ्याकडे काम शिकायला येणारी तेजस्विनी तो कागद वाचून खेळायला निघाली, तेव्हा मी तिच्या मागोमाग गेलोच.

अण्णांनी चष्मा वर करून तिला न्याहाळलं आणि ठरलेला प्रश्न टाकला. आजवर सगळे इथंच आहे की, कुठं जातोय, असं म्हणत आले होते.

"जूनमध्ये पुण्याला चाललेय," ती सरळ म्हणाली. "नोकरी लागलीय तिथं. तोवर आले तर चालेल का?"

इब्राहिमभाईंनी गळ्यातली टेप काढून खिशात घातली आणि ते उठायच्या बेतात आले. वहिनी माझ्याकडे बघायला लागल्या. आता सगळे नियम हिच्या डोक्यावर आदळणार, असं मला वाटलं. अण्णा मात्र ताटातल्या फाशाकडे बघत बसून राहिले. थापा मारणाऱ्याला कसं घालवायचं ते त्यांना पाठ होतं. खरं बोलणाऱ्या पोरीचं काय करायचं ते कळेना.

मग त्यांनी नियम लिहिलेल्या कागदांचा गठ्ठा उचलून खुर्चीखाली सारला.

"बस," ते म्हणाले. "तू लई लांबनं चालत आलीयास. अंधार पडलाय. म्होरं एक घर हाय. काय करतीस?"

तेजस्विनीनं जरा विचार केला. "दार वाजवते."

इब्राहिमभाईंनी खुर्ची पुन्हा पुढे ओढली. "मैं भी हूं उसके साथ, अण्णा. लिख लेव."

"आत म्हातारा-म्हातारी हाईत," अण्णा म्हणाले. "दार उघडलंय त्यांनी. जेवून जा म्हणत्यात."

तिनं फासा उचलला आणि टाकू का म्हणून विचारलं.

"ऱ्हाऊ दे," अण्णा म्हणाले. "जेवायला बसायला फासा लागत न्हाय."