केरबाच्या चट्ट्याचं नामकरण

एका जंगलात, मुलांनो, एक कायदा होता. आजाराला लॅटिन नाव लागल्याशिवाय औषध द्यायचं नाही. गावठी नावावर औषध दिलं तर औषधाचा अपमान होतो, असं तिथले डॉक्टर बगळे सांगत. ते परदेशी तळ्यावर शिकून आले होते.

तिथे केरबा नावाचा एक सायाळ होता. एका सकाळी त्याच्या पोटावर लाल, गोल चट्टा उठला आणि अंगात ताप भरला. धाकटा भाऊ सटवा त्याला ओढत दवाखान्यात घेऊन आला. औषधाची बाटली समोरच फळीवर होती.

डॉक्टरांनी एका पायावर उभं राहून चट्टा पाहिला. म्हणाले, "सर्क्युलस."

सटवा बाटलीकडे धावला. पण शब्द तपासायला तिथे घोरपडे सर बसत. त्यांनी हरकत घेतली. मूळ शब्द सर्कस, म्हणजे वर्तुळ. सर्क्युलस म्हणजे छोटं वर्तुळ. हा चट्टा छोटा आहे हे ठरवलं कोणी?

सर्कस म्हटल्यावर सटव्याला तंबू आठवला. तो तसं बोलला. त्याला बाहेर काढलं.

मापं घेता घेता दुसरा चट्टा उठला. घोरपडे सरांना फार आनंद झाला. आता अनेकवचन करता येणार होतं, सर्क्युलाय. शब्द पुल्लिंगी आहे यावर दोघांचं एकमत झालं. त्या खुशीत चहा झाला.

सटवा दारातून हात जोडून म्हणाला, "डॉक्टरसाहेब, दादा थरथरतोय. एक थेंब द्या, नाव मागनं लावा."

"आधी बाळ, मग नाव, हे बारशाला चालतं," डॉक्टर म्हणाले. "हा दवाखाना आहे."

दिवेलागणीला नाव पक्कं झालं. डॉक्टरांनी बाटली उघडली. केरबा केव्हाच गार पडला होता.

"वाईट वाटून घेऊ नकोस," डॉक्टर म्हणाले. "तुझ्या भावाचा आजार आता पुस्तकात जाईल."

सटवा वळला आणि उलटा पळत डॉक्टरांवर आदळला. मूठभर काटे डॉक्टरांच्या मांडीत घुसले. ते ओरडले ते मात्र मराठीत.

घोरपडे सरांनी झटकन बाटली घेतली आणि औषध लावलं. नाव कोणी विचारलं नाही.

तात्पर्य: मुलांनो, शिकलेल्यांशी नेहमी अदबीने वागावं. सटवा दिवसभर अदबीनेच उभा होता. म्हणून तर आता त्या दोघा भावांच्या घरी एकच ताट मांडतात.