आत्याचा नापास मणका

गादी उलटी करताना आमच्या आत्याच्या पाठीचा मणका मोडला. तिला बसवेना, आडवं पडवेना. तिची मागणी अगदी साधी होती: पाठ टेकून झोप लागावी, बस्स.

दवाखाना नामांकित होता. 'मणक्यात सिमेंट, यश शंभर टक्के' अशी पाटी दारातच. सुईनं मणक्यात सिमेंट भरायचं, ते घट्ट होतं आणि कळ थांबते. मी हुश्श केलं. ते जरा लवकरच झालं.

"भरू की," डॉक्टर म्हणाले, "पण फ्रॅक्चर चांगलं हवं."

"अहो, चांगलंच मोडलंय!" आत्या कण्हत म्हणाली.

"तसं नव्हे, आजी. ताजं हवं. मणका फार चपटा नको, त्याची मागची भिंत शाबूत हवी. वाईट फ्रॅक्चर घेतलं तर निकाल खालावतो. मग पाटीचं काय करायचं?"

आत्याचं फ्रॅक्चर प्रथमदर्शनी होतकरू निघालं. तथापि ताजेपणावर शिक्कामोर्तब करण्याचा अधिकार मणका निवड समितीला होता, आणि समितीचे अध्यक्ष परिषदेला गेले होते. परिषदेचा विषय: उपचारांतील विलंब. ते परतेपर्यंत आत्या भिंतीला धरून उभ्याउभ्या डुलक्या काढायला शिकली.

समितीनं तीव्र खेद व्यक्त केला. "जुनं झालंय. शिवाय मणका पार चपटलाय."

"अहो, मग तेव्हाच भरायचं होतं ना!" मी ओरडलो.

"तेव्हा ते ताजं असल्याचं सिद्ध कुठं झालं होतं?"

कप्पाळ! आत्याला धरून पायऱ्यांवरून सुखरूप खाली पोचवलं आणि वळतो तोच ओल्या फरशीवर माझा पाय सटकला. दाणकन बसलो. पाठीत काहीतरी कडाडलं.

समिती धावत आली. "हलू नका! अहाहा, गरमागरम आहे!" अध्यक्षांनी माझी पाठ चाचपली. लगेच फोटो निघाले. मणका जेमतेम दबलेला, मागची भिंत ठणठणीत. सदस्यांनी एकमेकांना मिठ्या मारल्या.

"आधी आत्याचं बघा," मी म्हणालो. खरंच म्हणालो हो!

"तोवर तुमचं शिळं होईल."

मग मीही फार ताणून धरलं नाही. कळ भयंकर होती.

"जा बाबा," आत्या म्हणाली, "घराण्यातलं एक तरी हाड पास होऊ दे."

दुसऱ्या दिवशी मी ताठ चालत घरी आलो. दवाखान्यानं माझा सत्कार केला, पाटीला नवा रंग दिला. तेव्हापासून भेटेल त्याला मी ही हकिकत आत्यासकट सांगतो. लोक मन लावून ऐकतात आणि विचारतात, दवाखाना कुठला, डॉक्टर कोण, आपला नंबर लवकर लागेल का. आत्या कशी आहे, हे अजून एकानंही विचारलेलं नाही.

तुम्ही विचारणारच होतात म्हणे. मग अडलं कुठं?