परसातलं चौदा एकरांचं तळं

सोमवारी सकाळी नळाला पाणी आलं ते इतकं बारीक, की सासूबाईंनी आधी नळाला कान लावला आणि मग जावयाला हाक मारली.

"जावईबापू, तुमचं खातं आज रुसलंय का हो?"

जावईबापू दाढी करत होते. शहराच्या पाणी खात्यात ते संगणकावरचा नकाशा सांभाळायचे, म्हणून कचेरीत सगळे त्यांना नकाशेसाहेब म्हणत. कुठल्या गल्लीखालून कुठला पाइप जातो, व्हॉल्व्ह कुठे, विहीर कुठे, तळं कुठे, सगळं त्या नकाशात होतं. आणि नकाशा नुसता शोभेचा नव्हता, तो हिशेब करायचा. ज्या गल्लीजवळ स्वतःचं पाणी जास्त तिला नळाचं कमी, जिच्याजवळ काहीच नाही तिला जास्त. दर सोमवारी पहाटे हा हिशेब नव्याने व्हायचा आणि त्याप्रमाणे व्हॉल्व्ह आपोआप फिरायचे.

"कुठेतरी गळती असेल," नकाशेसाहेब फेसातून म्हणाले. "बघतो गेल्यावर."

"बघाच," परसातून बायकोचा आवाज आला. "रविवारी रोपं बागेत पोचवायचीत. दोन दिवस असंच राहिलं तर माना टाकतील सगळी."

परसात तिची रोपवाटिका होती. इतके दिवस शेजारीपाजारी दोन-चार कुंड्या न्यायचे. आता शहरातल्या नव्या बागेने पहिल्यांदाच तिच्याकडून रोपं मागवली होती, आणि गेले तीन महिने ती रोपांना तान्ह्या बाळासारखी जपत होती. नकाशेसाहेबांना त्या रोपांचा मनापासून अभिमान होता. कचेरीत कोणी विचारलं नाही तरी ते सांगायचे.

कचेरीत पोचल्याबरोबर त्यांनी नकाशा उघडला, आपली गल्ली शोधली आणि खुर्ची पुढे ओढली. घराच्या जागी निळंशार तळं पसरलं होतं. चौदा एकरांचं. त्यात त्यांचं घर, समोरची पिठाची गिरणी आणि अर्धी गल्ली सुखाने बुडाली होती.

तळं कोणी काढलं हे शोधायची गरज नव्हती. शनिवारी त्यांनी नव्या लोकांना शिकवणी दिली होती. नकाशावर तळं कसं काढायचं हे दाखवायला एखादी जागा हवी होती, आणि नकाशेवाला कुठलाही असो, त्याचा हात आधी स्वतःच्या घरावर जातो. त्यांनी ऐटीत निळी रेघ फिरवली, नव्या लोकांनी मान डोलावली, सगळे घरी गेले. हे सगळं सरावाच्या नकाशावर करायचं असतं. साहेबांनी ते खऱ्यावर केलं होतं.

"त्यात काय, पुसून टाकू," असं स्वतःशीच म्हणत त्यांनी तळ्यावर बोट ठेवलं. नकाशाने पुसायला साफ नकार दिला. तळं पुसायचं तर जागेची पाहणी, मग मोठ्या साहेबांची मंजुरी, मग लोकांच्या हरकतींसाठी महिनाभर मुदत. हा नियम त्यांचाच. मागे एकाने नकाशातून एक तळं गुपचूप गायब केलं होतं आणि वर्षभरात तिथे गाड्यांचा तळ उभा राहिला होता. तेव्हा भरल्या बैठकीत नकाशेसाहेब म्हणाले होते, "तळं पुसणं हे तळं बुजवण्याइतकंच अवघड असलं पाहिजे." टाळ्या पडल्या होत्या. त्या टाळ्या आता त्यांना गालावर पडल्यासारख्या वाटल्या.

मोठ्या साहेबांना सांगावं, तर खातंभर हसं होणार. बायकोला सांगावं, तर तिच्या रोपांच्या मुळावर नवराच उठला हे कुठल्या तोंडाने सांगायचं? दोन्हीकडे गप्प राहून त्यांनी मंगळवार काढला. घरी रोपांना भाजी-तांदूळ धुतलेलं पाणी जात होतं. सासूबाईंनी आंघोळ एका तांब्यात उरकली आणि तो तांब्या जावयासमोरून दोनदा नेला.

बुधवारी त्यांना युक्ती सुचली. तळं पुसता येत नाही, पण ते आटलं अशी नोंद तर करता येते. आटलेलं तळं काय पाणी देणार? त्यांनी घाईघाईने 'कोरडं' अशी खूण केली आणि खुर्चीत रेलून बसले.

खुर्चीत रेलणं थोडं लवकर झालं. आटल्याची खात्री होईपर्यंत पाण्याचा हिशेब जुनाच राहायचा होता. मात्र आटलेलं तळं गाळ काढायच्या कामांत आपोआप जायचं. ही सोयसुद्धा त्यांचीच.

गुरुवारी दुपारी बायकोचा फोन आला.

"अहो, दारात जेसीबी उभा आहे."

"कसला जेसीबी?"

"तळ्यातला गाळ काढायचाय म्हणतो. कुठलं तळं?"

नकाशेसाहेब स्कूटरची किल्ली शोधू लागले. "अगं, त्याला चहा दे. बसवून ठेव. मी आलोच."

"चहाला पाणी कुठाय?" म्हणून तिने फोन ठेवला.

नकाशेसाहेब स्कूटरवर बसले ते डोक्यात एकच चित्र घेऊन. परसात तो राक्षस शिरलाय, तीन महिन्यांची रोपं त्याच्या चाकांखाली आहेत आणि बायको नुसती बघत उभी आहे. रस्त्यात त्यांनी तीन वेळा माफीची वाक्यं जुळवली आणि तिन्ही वेळा ती सिग्नलला विस्कटली. शेवटी त्यांनी ठरवलं, काही जुळवायचं नाही. जाऊन सरळ सांगायचं, सगळं माझ्यामुळे झालं.

घरी पोचले तर जेसीबी परसातून मागे मागे बाहेर पडत होता. सासूबाई हाताने इशारे करत होत्या, "येऊ द्या, येऊ द्या, भिंत सांभाळा." रोपं सगळी कडेला रांगेत सुखरूप होती. मध्ये मोकळ्या जागेत पलंगाएवढा खड्डा होता, त्यात रोपवाटिकेचा काळा प्लास्टिक कागद अंथरला होता आणि बाहेर उभ्या टँकरचा पाइप त्यात भळभळा पाणी ओतत होता. खड्ड्याच्या काठावर खात्यातल्या पाहणीच्या मॅडम टेप धरून ओणव्या झाल्या होत्या. या मॅडमना आख्खं खातं घाबरायचं. जे समोर दिसेल तेच त्या लिहायच्या, देव आला तरी त्याची आधी लांबी-रुंदी घ्यायच्या.

"नकाशेसाहेब, हे तुमचं तळं?"

"मॅडम, ते... मी खरं म्हणजे..."

"पाणी आहे. काठ आहे. म्हणजे तळं आहे," मॅडम म्हणाल्या. "कोरडं लिहिलंय ते चूक. चौदा एकर लिहिलंय तेही चूक. कोणी काढलं हे?"

"मी," नकाशेसाहेब म्हणाले.

मॅडमनी त्यांच्याकडे चष्म्यावरून पाहिलं. "हात फार सैल आहे तुमचा." त्यांनी फोटो काढला, तिथेच उभ्या उभ्या माप दुरुस्त केलं आणि निघून गेल्या. पुसायला महिना लागतो, पण माप दुरुस्त करायला एक पाहणी पुरते, आणि दुरुस्ती झाली की नकाशा सोमवारची वाट न बघता लगेच नवा हिशेब करतो. चौदा एकरांचं तळं पलंगाएवढं झालं. संध्याकाळच्या आत नळ खाकरला, थोडा थुंकला आणि धो धो वाहू लागला. समोरच्या गिरणीतूनसुद्धा "आलं, आलं" असा ओरडा झाला.

नकाशेसाहेब मटकन पायरीवर बसले. बायको खड्ड्यातलं पाणी झारीने रोपांना घालत होती.

"काय नशीब बघ," ते म्हणाले. "जेसीबी यायला, टँकर यायला आणि मॅडम यायला एकच वेळ."

"टँकर मी मागवला," बायको म्हणाली. "मॅडमना मीच फोन केला."

"तू?"

"सोमवारीच बघितला होता नकाशा फोनवर. सगळ्यांना बघता येतो ना तो. आपलं घर तळ्याच्या तळाशी दिसलं, तेव्हाच कळलं हे कोणाचं काम. वाट बघत होते, तुम्ही सांगाल म्हणून."

नकाशेसाहेबांची मान खाली गेली. "सांगणारच होतो गं."

"माहिताय. मग आज जेसीबी आला, म्हटलं याच्याकडून खड्डा तरी करून घेऊ. पुसायला महिना, मापाला एक पाहणी."

"पण हे तुला कसं माहीत? हे आमच्या खात्यात निम्म्यांना माहीत नाही."

"रोज जेवायला बसलं की दुसरं काय बोलता तुम्ही?" झारी टेकवून ती म्हणाली. "दोन वर्षं झाली. आईलासुद्धा पाठ झालंय."

"हरकतींची मुदत तीस दिवस," आतून सासूबाई म्हणाल्या. "सुट्टीचे धरून."

नकाशेसाहेब दोघींकडे आळीपाळीने बघत राहिले. घरात आपलं कोणी ऐकत नाही, हे दुःख त्यांनी इतकी वर्षं एकट्याने सांभाळलं होतं आणि ते असं एका संध्याकाळी हातातून गेलं. त्यांना फार बरं वाटलं, थोडं रडूही आलं. रविवारी रोपं बागेत गेली, एकही न सुकता. त्या रात्री जेवताना नकाशेसाहेबांनी घसा साफ केला आणि खात्यात येऊ घातलेल्या पाण्याच्या नव्या मीटरविषयी सांगायला सुरुवात केली. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं आणि भात पुढे ओढला.