तेरा कॅरेट शिसं

ही गोष्ट मी आजवर कोणाला सांगितलेली नाही. घरात नाही, कामावर नाही, आणि ज्यांना सांगायला हवी होती त्या सुकलाल आप्पांना तर नाहीच. सुरतेतल्या कतारगामच्या हिऱ्याच्या ऑफिसात मी बावीस वर्षं काट्यावर बसतो. त्या काट्यावर तुमचं शिसं तोलून देतो असं मी आप्पांना सांगत होतो, आणि तोलत नव्हतो.

हिऱ्याच्या काट्यावर शिसं, हे ऐकून कोणीही हसेल. आप्पांना ओळखणारा मात्र हसणार नाही. तो एवढंच विचारेल, या वेळेस पोटाला किती आणि शेपटीला किती?

सुकलाल आप्पा आमच्या लिंबायतच्या सोसायटीत तळमजल्यावर राहतात. खानदेशातल्या तापीकाठच्या एका गावातून विशीत सुरतेला आले आणि एकाच कारखान्यात लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, आयुष्य काढलं. जुन्या लूमवर धोटा असतो. आडवा धागा पोटात घेऊन दिवसभर इकडून तिकडे पळणारा, दोन्ही टोकांना निमुळता, गुळगुळीत लाकडी ठोकळा. मग पाण्याच्या फवाऱ्यावर धागा उडवणारी नवी मशिनं आली आणि धोटे भंगारात निघाले. त्याच आठवड्यात आप्पाही निघाले. निरोपाला सेठने शाल आणि भिंतीवरचं घड्याळ दिलं. आप्पांनी शाल ठेवून घेतली, घड्याळ परत केलं आणि त्याच्या बदल्यात पोतंभर धोटे मागितले.

रिक्षातून पोतं उतरलं तेव्हा त्यांची बायको, म्हणजे आमच्या जिजी, तांदूळ आले समजून रिकामा डबा घेऊन बाहेर आल्या होत्या. तो डबा त्या अजून दाखवतात.

त्या धोट्यांतून आप्पा मासळ्या कोरत. मोठा मासा फसावा म्हणून गळाला लाकडाची बोटभर मासळी लावतात ना, तशी. धोट्याची दोन भरीव टोकं कापली की दोन मासळ्या. आप्पांचं म्हणणं, निम्मी मासळी तर कारखान्यानेच करून ठेवली आहे, आपण फक्त डोळे उघडायचे. डोळे ते लाल मण्यांचे करत. खवले तुटक्या करवतीच्या दातांनी. पण गळ लावत नसत. आप्पा मासे खात नाहीत, धरत नाहीत, कोणी धरलेला बघवतही नाही त्यांना. शेजारचे गुजराती लोक त्यांना माछलीकाका म्हणत आणि रोज विचारत, काका, आज किती पकडल्या? आप्पा न चिडता रोज तेच उत्तर देत: "पकडवानी नथी, तरवानी छे." पकडायची नाही, पोहायची आहे.

जिजींचं यावर एक ठरलेलं वाक्य होतं. घरात चाळीस मासळ्या, आणि पाहुणा आला की वरण.

खरी गंमत शिशात होती. लाकडी मासळी पाण्यात नुसती सोडली तर कुशीवर पडते. तिच्या पोटाला भोक पाडून शिसं भरावं लागतं, तेव्हा ती पाठ वर करून सरळ उभी राहते. शिसं पुढे सरकलं तर नाक बुडतं. मागे सरकलं तर शेपूट. कमी पडलं तर चालत्या पाण्यात उताणी होते. धोट्याचं लाकूड मुळात वजनदार, त्यामुळे शिसं अगदी थोडं लागतं, आणि म्हणूनच चिमूटभर चूकही चालत नाही. टायरच्या दुकानातून आणलेले शिशाचे तुकडे आप्पा लोखंडी पळीत वितळवत. गॅसवर नाही, जिजींनी तो हुकूम पहिल्याच दिवशी काढला होता. मागच्या वाड्यात, तीन विटांवर. ते पातळ झालेलं शिसं पळीत चंद्रासारखं हलायचं आणि आप्पा त्यात इतका वेळ बघत बसायचे की जिजी आतून विचारायच्या, उतरवता का त्यात अंघोळ करता?

एकदा मी हिऱ्यांच्या काट्याबद्दल सहज बोलून गेलो. काचेच्या पेटीत असतो, श्वास लागला तरी आकडा हलतो, कॅरेट म्हणजे ग्रॅमचा पाचवा भाग, त्याचाही शंभरावा भाग दाखवतो. आप्पा उठून आत गेले आणि कागदाच्या पुडीत शिशाचा एक तुकडा घेऊन आले. पुडीवर पेन्सिलने लिहिलं होतं, १३.

"मना हात म्हनस तेरा," ते म्हणाले, म्हणजे माझा हात तेरा म्हणतो. "तू काट्याले विचार."

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी तो तुकडा तोलला. आप्पांना कॅरेट म्हणजे काय हे मी आदल्या दिवशी एक कॅरेटचा खडा हातात देऊन फक्त एकदा समजावलं होतं. काट्याने तेराच्या पुढे जेमतेम एक कण दाखवला. मी पेटीचं दार दोनदा लावून बघितलं. मग पुडीवर आप्पांच्या आकड्याशेजारी माझ्या निळ्या पेनाने लिहिलं, १३.

तिथून आमचा खेळ सुरू झाला. आठ-पंधरा दिवसांनी एक पुडी. पेन्सिलचा आकडा हाताचा, निळा आकडा काट्याचा. पहिल्या पाच पुड्यांत दोन्ही आकडे जुळले. आप्पांना हाताचं कौतुक नव्हतं. ते म्हणत, हाताचं काय, हात म्हातारा होतो. "काटा म्हातारा होत नही. काटा खोटं बोलत नही." सोसायटीत येणाऱ्या-जाणाऱ्याला ते सांगत की माझं शिसं कतारगामला हिऱ्यांच्या काट्यावर तोललं जातं, आणि हा मनोहर तोलतो. आयुष्यात माझ्याबद्दल एवढ्या मोठ्याने कोणी काही सांगितलं नव्हतं. मला ते आवडायला लागलं होतं, हेही आता लिहून टाकतो.

मासळी झाली की रविवारी सकाळी आम्ही माझ्या मोटारसायकलवर कामरेजला तापीवर जायचो. सुरतेत कॉजवेपाशी पाणी अडवलेलं, आळशी. आप्पांना चालतं पाणी लागायचं. कामरेजला पुलाच्या खाली ते गुडघाभर पाण्यात उभे राहत, मासळीच्या नाकाला धागा बांधून ती प्रवाहात सोडत, आणि धाग्याचं टोक बोटाला गुंडाळून डोळे मिटून घेत. मासळी सरळ असली की प्रवाहाच्या उलट तोंड करून एका जागी पोहत राहते, थरथरत. तो थरथराट धाग्यातून वर येतो. एकदा त्यांनी धागा माझ्या बोटाला दिला. झोपलेल्या लहान मुलाची नाडी लागावी तसं काहीतरी लागलं. मी नकळत डोळे मिटले. नदी, पूल, वरचे ट्रक, सगळं दूर गेलं, आणि त्या एका बोटात काहीतरी जिवंत होतं.

"तोंड कोनाकडे शे तिनं?" आप्पांनी विचारलं.

मी म्हटलं, वरच्या बाजूला.

"गावकडे," ते म्हणाले.

हे पाणी आपल्या गावावरूनच येतं असा त्यांचा हिशेब होता. मध्ये उकाईला ते मुक्काम करतं, धरणातून सोडतील तेव्हा पुढे निघतं, पण येतं. कामरेजच्या पाण्यात हात घालून ते कधी म्हणायचे, हे पोळ्याचं पाणी दिसतं, बैल धुतलेले आहेत. मी हसायचो. ते हसत नसत.

सहाव्या पुडीच्या वेळी आमच्या ऑफिसचे सेठ मागे येऊन उभे राहिले. काट्यावर शिशाचा तुकडा. "मनोहरभाई, आ हीरानो काटो छे, शाकनो नथी," एवढंच म्हणाले. भाजीचा काटा नाही हा. मंदीचे दिवस होते, आमच्या मजल्यावरची टेबलं एकेक करून रिकामी होत होती. मी तुकडा उचलला, पेटी पुसली, आणि मनाशी ठरवलं की आता पुन्हा नाही.

आप्पांना सांगायला काय हरकत होती? सेठ नको म्हणतात, संपलं. पण संध्याकाळी ते ओट्यावर वाट बघत बसले होते, शेजारी दोन माणसं, आणि आप्पा त्यांना सांगत होते की काट्याला तोललेलं शिसं आत्ता येईल. मला नाही म्हणता आलं नाही. गरज पडलीच तर असू दे म्हणून वाटेवरच मी पुडीवर निळ्या पेनाने आकडा घातला होता.

आणि इथे माझ्या हुशारीने घात केला. पेन्सिलचा आकडा तेरा होता. मी तोच उतरवला असता तर काही बिघडलं नसतं. पण मला वाटलं, दर वेळेस जुळलं तर संशय येईल. खोटं खरं वाटावं म्हणून मी साडेचौदा लिहिलं.

आप्पांनी पुडी उजेडात धरली. तुकडा तळहातावर घेतला, दोनदा उडवला. "हातले तेरा लागस," ते पुटपुटले. मग आत जाऊन त्यांनी चाकूने तुकडा तासला आणि काट्याच्या हिशेबाने तेरावर आणायला दीड कॅरेट कमी केला.

अशा मी आठ पुड्या दिल्या. कधी साडेचौदा, कधी चौदा. मासळ्या बादलीत कशाबशा उभ्या राहत, जरा कललेल्या. आप्पांना शिशाचा संशय कधीच आला नाही. काटा बरोबर, म्हणजे लाकूड चुकलं. मग ते लाकूड तासत. पाठ खरवडत, कल्ले बारीक करत. चांगल्या अंगाच्या मासळ्या दिवसेंदिवस सुकत चालल्या. जिजी म्हणाल्या, धोट्यांना काय दुष्काळ पडला का? आप्पा चष्म्याचा नंबर वाढवून आले. कामरेजला मी काही ना काही सबब सांगून जायचं टाळलं, कारण धागा माझ्या बोटाला देतील याची भीती होती. माझ्याशिवाय आप्पांचंही चालतं पाणी सुटलं.

मग एक दिवस त्यांनी त्यातल्या त्यात बरी मासळी मऊ कापडात गुंडाळली आणि गावी गेले. निघताना एक नवी पुडी माझ्या हातात दिली, आल्यावर लागेल म्हणून.

चार दिवसांनी परतले ते सरळ ओट्यावर बसले. पिशवी उघडली नाही. मी शेजारी बसलो. आप्पा फार बोलणारे, पण त्या दिवशी मोजकंच बोलले, आणि तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की ही चाळीस मासळ्यांची भानगड कशासाठी होती.

गावी त्यांचे थोरले भाऊ आहेत, बापू. लाकडाची मासळी करायला आप्पांना त्यांनीच शिकवलं. दोघांपैकी एकाने जमिनीपाशी राहायचं होतं. बापू राहिले, आप्पांना म्हणाले तू जा. काचबिंदूने बापूंची नजर हळूहळू गेली. आता उजेड आणि अंधार एवढंच कळतं. नदीवर जातात, कोणीतरी हात धरून नेतं, आणि काठावर बसून राहतात.

"बापूले दिसत नही ना आते," आप्पा म्हणाले. "पन बोटले धागा बांधा का त्याले समजस, मासळी पोहस का नही."

नुसत्या बोटाला कळावी अशी मासळी हवी होती. म्हणून कॅरेट. म्हणून ते डोळे मिटत होते.

काठावर त्यांनी बापूंच्या बोटाला धागा गुंडाळला आणि मासळी पाण्यात सोडली. बापू बराच वेळ मान कलती करून बसले. मग धाकट्याच्या लहानपणच्या नावाने हाक मारली, हसून, वाईट न वाटू देता: "सुक्या, हाई मासळी ते मरेल शे." ही तर मेलेली आहे.

ती पाण्यात उताणी पडली होती.

आप्पांनी आपले दोन्ही तळहात समोर धरले, सरकारी कागद वाचावा तसे वाचले आणि म्हणाले, "हात गया मना, मनोहर. काटा ते बराबर व्हता."

तेव्हा सांगायचं होतं. मी म्हणालो, नदीला पाणी कमी असेल आप्पा, चहा घ्या.

त्यांनी चहा घेतला. दुसऱ्या दिवशी उरलेले धोटे पोत्यात भरले, पोत्याचं तोंड शिवलं आणि ते पलंगाखाली सारलं. जिजी आता टोमणे मारत नाहीत. मागच्या वाड्यातल्या तीन विटांवर त्यांनी तुळशीची कुंडी ठेवली आहे.

ती शेवटची पुडी माझ्या ऑफिसच्या खणात राहिली होती. आप्पांनी पुन्हा विचारलंच नाही. गेल्या महिन्यात एका दुपारी सेठ बाहेर गेले असताना मी ती उघडली. पेन्सिलने लिहिलं होतं १३. तुकडा काट्यावर ठेवला, काचेचं दार लावलं, श्वास धरला. आकडे थोडे डुलले आणि थांबले. तेरा. पुढे दोन शून्यं.

आप्पा अजून ओट्यावर बसतात. नवीन कोणी आलं की माझी ओळख करून देतात, हा मनोहर, हिऱ्यांच्या काट्यावरचा माणूस. बापूही आहेत, ऐंशी ओलांडलेले. ते अजून नदीवर जातात. मी पुडी खिशात घालून रोज त्या ओट्यावरून जातो.

मी सुकलाल आप्पांना एक वाक्य देणं लागतो: आप्पा, तुमचा हात गेला नव्हता, मी वजन केलंच नव्हतं.